‘सुंदर प्रत’ कशास म्हणावे? : पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलची ग्रंथनिर्मिती – एक चिकित्सा

प्रस्तावना :
धर्मग्रंथाची नवी आवृत्ती काढणे म्हणजे जुना मजकूर नव्या कागदावर छापणे एवढेच नव्हे. पाठ कोणता स्वीकारावयाचा, भाषा कोणती योजावयाची आणि ग्रंथ कोणाच्या हाती द्यावयाचा, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक आवृत्तीला द्यावी लागतात. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बायबलची चर्चा बहुधा भाषांतर किंवा धर्मांतर या अंगांनी होते. प्रस्तुत लेखात त्याचा ‘घडविलेला ग्रंथ’ म्हणून विचार केला आहे आणि दुधनीसारख्या सीमाभागातील वाचकाच्या दृष्टीने त्याच्या सुबोधतेची कसोटी पाहिली आहे.

शुद्ध प्रत आणि सुंदर प्रत :
महाराष्ट्राला ग्रंथसंपादनाची जुनी परंपरा आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली. तेथे ग्रंथाचे सौंदर्य पाठाच्या शुद्धतेत मानले गेले. युरोपात याहून वेगळा आदर्श दिसतो. लंडनमधील हॅमरस्मिथ येथील डव्हज प्रेसने १९०३ ते १९०५ या काळात इंग्रजी बायबल पाच खंडांत छापले. त्यात चित्रे नाहीत. पहिल्या पानावर एडवर्ड जॉन्स्टनने रेखलेले उभे तांबडे आद्याक्षर आणि पुढे शांत, मोजका अक्षरबंध, एवढाच त्याचा अलंकार. पुढे मुद्रणालयाचा एक प्रवर्तक कॉब्डन-सँडरसन याने, आपले टंक दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नयेत म्हणून, १९१६–१७ मध्ये ते थेम्स नदीत फेकून दिले. सौंदर्याची ही कल्पना उच्च असली तरी ती मूठभरांची होती.

केडगावचे मुद्रणालय :
याच शतकाच्या पहिल्या दशकात पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे रमाबाई बायबलच्या भाषांतरात गुंतल्या होत्या. मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम केरी यांच्या पुढाकाराने सेरामपूर येथे १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला गेला होता. पुढे बायबल सोसायटीची भाषांतरेही प्रचारात आली. परंतु त्यांची भाषा पुस्तकी व संस्कृतप्रचुर असून खेड्यातील स्त्रीला ती कळत नाही, आणि त्यातील अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, असा रमाबाईंचा आक्षेप होता. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये संस्कृत पांडित्यासाठी गौरविले आणि जिचा ‘स्त्रीधर्म नीति’ (१८८२) हा ग्रंथ संस्कृतप्रचुर मराठीत आहे, तिने स्वीकारलेला हा भाषिक संयम लक्षणीय आहे.

मुक्तिसदनातील स्त्रियांनीच खिळे जुळविले, छपाई केली आणि बांधणीही केली. यांपैकी अनेकजणी दुष्काळाने किंवा वैधव्याने निराधार होऊन तेथे आल्या होत्या. रमाबाईंचे ५ एप्रिल १९२२ रोजी निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. डव्हज प्रेसने टंक नदीत टाकले. केडगावात ते परित्यक्तांच्या हाती दिले गेले. ग्रंथनिर्मितीच्या इतिहासात हा भेद नोंदविण्याजोगा आहे.

येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी जगातील पहिली स्त्री असा रमाबाईंचा गौरव होतो, तो बरोबर नाही. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे असे भाषांतर १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. रमाबाईंचे वेगळेपण पहिलेपणात नसून भाषांतर, मुद्रण आणि वाचक या तिन्ही बाजूंनी स्त्रीला केंद्रस्थानी ठेवण्यात आहे.

सुबोधतेची कसोटी :
हेतू उदात्त असला तरी फलिताची चिकित्सा टाळता येत नाही. रमाबाईंनी शब्द सोपे निवडले. मात्र मूळ वचनाशी शब्दशः निष्ठा राखण्याच्या आग्रहामुळे वाक्यरचना अनेकदा मराठी वळणाची राहिली नाही. शब्द ओळखीचा आणि वाक्य परके, असा अनुभव वाचकाला येतो. मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर टिकून राहिले, याचे एक कारण येथे शोधता येईल.

केडगावाहून दौंड, सोलापूर करीत पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग दुधनीवरून कलबुर्गीकडे जातो. अक्कलकोट तालुक्यातील या गावात अनेक घरांत कन्नड बोलली जाते आणि शिक्षण मराठीतून घेतले जाते. अशा वाचकाला संस्कृत शब्द नेहमीच अडत नाही, कारण तो कन्नडमध्येही असतो. त्याला अडते ती अनोळखी वाक्यरचना. धर्मविचार लोकभाषेत सांगणाऱ्या बसवेश्वरांच्या वचनांचा संस्कार याच परिसरावर आहे. तेव्हा संस्कृत शब्द वगळले की भाषा सुबोध होते, हे रमाबाईंचे गृहीतक सर्वत्र लागू पडत नाही. सुबोधता शब्दकोशात नसते. ती वाचकाच्या बोलीशी असलेल्या नात्यात असते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. धर्मसंस्थेबाहेरील साहित्यप्रकाशनाकडून आल्यामुळे बायबल सर्वसामान्य मराठी वाचकाच्या कपाटात गेले. रमाबाईंनी उपस्थित केलेला प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे.

समारोप :
रमाबाईंचे बायबल भाषांतर म्हणून अर्धे यशस्वी आणि निर्मिती म्हणून असामान्य आहे, असे म्हणता येईल. त्याची नवी चिकित्सक आवृत्ती काढावयाची झाल्यास केवळ उंची कागद व सोनेरी बांधणी पुरेशी नाही. रमाबाईंचा पाठ न बदलता द्यावा; जेथे रचना अडते तेथे मूळ हिब्रू किंवा ग्रीक वळण तळटीपेत उलगडावे; अक्षर ठळक असावे; आणि खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाची नोंद परिशिष्टात नव्हे, प्रस्तावनेतच यावी. अशी प्रत दुधनीच्या ग्रंथालयात बसून एखाद्या विद्यार्थिनीला कोणाच्या मदतीविना वाचता आली, तरच ती सुंदर म्हणावी.