मुक्ताईच्या मुंगीचे कोडे

आषाढी वारीत श्रीज्ञानदेवांची पालखी पुण्यात भवानी पेठेत विसावते. आळंदीच्या त्या चार भावंडांपैकी धाकट्या मुक्ताईच्या नावावर एक चिमुकला अभंग आहे. वरवर पाहता तो निव्वळ असंबद्ध वाटतो. मुंगी आकाशात झेप घेऊन सूर्य गिळून टाकते, वांझेला पुत्र होतो, विंचू पाताळात उतरतो आणि शेष त्याच्या पायी मस्तक ठेवतो, माशीच्या पोटी घार निपजते. हे सारे पाहून मुक्ताई हसते आणि अभंग संपतो.

अशा रचनेला 'कूट' म्हणतात. मुंगी म्हणजे जीव किंवा सूक्ष्म झालेली चित्तवृत्ती, अशी तिची फोड परंपरेने केली जाते. ती आम्हांस अमान्य नाही. परंतु प्रतिमांची अशी यादी हाती आली की कवितेने दिलेला धक्का विरून जातो. आमच्या मते हा अभंग मुक्ताईच्याच 'ताटीच्या अभंगां'शेजारी ठेवून वाचावा. लोकनिंदेने दुखावलेल्या ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा ती उघडावी म्हणून बहिणीने त्यांना विनवले, अशी कथा आहे. तेथे रागाची उघड समजूत घातली आहे. येथे रागाचे नावही नाही, विंचू मात्र आहे.

सोळाव्या शतकातील एकनाथांच्या प्रसिद्ध भारुडातही विंचू आहे. तो काम-क्रोधाचा, तो दंश करतो आणि त्यावर उतारा शोधावा लागतो. मुक्ताईचा विंचू कोणालाच डसत नाही. त्याला कोणी ठेचतही नाही. तो खोल उतरतो, आणि सर्पांचा राजा त्याला वंदन करतो. मनातले विष नाहीसे झालेले नाही. त्याची दिशा पालटली आहे. अंतरीच्या झगड्याचे इतके नेमके चित्र उपदेशपर काव्यातही क्वचितच सापडते. वांझेच्या पुत्राला मात्र असा अर्थ चिकटवण्याचा आमचा आग्रह नाही. अशक्य ते घडले, एवढे पुरे.

आई-बापांवाचून, समाजाने वाळीत टाकलेल्या घरात वाढलेल्या मुलीच्या नावे हा अभंग चालत आला आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे शेवटच्या हसण्याचे मोल कळते. ते कुत्सित नाही, विजयाचेही नाही. क्षुद्र मुंगीच्या ठायी केवढे सामर्थ्य दडले आहे, हे दिसल्याचा तो आनंद आहे. दुर्बलतेतच सामर्थ्य प्रकटते, असे संत पौल करिंथकरांना लिहितो, तेव्हा त्याचा रोखही काहीसा असाच असतो.

आपण आपला राग, मत्सर, भीती मोजतो आणि चेहरा अधिकच कष्टी करून घेतो. काही झगडे उपदेशाने सुटत नाहीत. ते उलटे करून पाहावे लागतात. आपल्या घरांतील मुलांना ही मुंगी आधी गंमत म्हणूनच भेटू द्यावी. अर्थाची घाई करू नये. पुढे कधी मनाची ताटी लागली, तर तिच्या फटीतून आत शिरायला मुंगीएवढीच वाट पुरते.