जिव्हर्नीचे उद्यान : मूळ, पाठ आणि प्रेक्षक

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे नॉर्मंडीतील जिव्हर्नी या गावी असलेले घर व उद्यान पाहण्यास दरवर्षी लक्षावधी प्रवासी जातात. चित्रांतून परिचित झालेले तळे, पूल आणि फुले यांचे ‘मूळ’ प्रत्यक्ष पाहावे, ही त्यांतील बहुतेकांची अपेक्षा असते. स्थळ हे अस्सल आणि कलाकृती ही त्याची नक्कल, असे गृहीत या अपेक्षेच्या बुडाशी आहे. लेखकाच्या चरित्रातून त्याच्या कृतीचा अर्थ काढू पाहणारी जी समीक्षा असते, तिचेच हे प्रवासातील रूप होय. म्हणून हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकासही उपयुक्त ठरेल.

मोने १८८३ मध्ये जिव्हर्नीस राहावयास आला आणि १८९० मध्ये त्याने ते घर विकत घेतले. १८९३ मध्ये त्याने लोहमार्गापलीकडील जमीन घेतली व एप्त नदीच्या एका फाट्याचे पाणी वळवून तळे करण्याची परवानगी मागितली. परक्या वनस्पतींनी पाणी दूषित होईल, या भयाने गावकऱ्यांनी त्यास विरोध केला होता. तेव्हा हे तळे निसर्गाने दिलेले नव्हे. त्यावरील कमानदार पुलामागे जपानी ठसाचित्रांचा संस्कार आहे. त्या चित्रांचा मोठा संग्रह मोनेने आपल्या घराच्या भिंतींवर लावला होता. म्हणजे चित्राच्या आधी उद्यान आहे हे खरे. परंतु उद्यानाच्याही आधी पुन्हा चित्रेच आहेत. ‘मूळ’ शोधावयास निघालेला प्रेक्षक येथे एका रचनेकडून दुसऱ्या रचनेकडेच जातो.

शिवाय, आज दिसणारे उद्यान मोनेच्या हातचेही नाही. १९२६ मध्ये तो निवर्तल्यावर ब्लांश ओशेदे या त्याच्या सुनेने १९४७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, ते सांभाळले. पुढे त्याची दुर्दशा झाली. १९६६ मध्ये मोनेचा पुत्र मिशेल वारला आणि त्याच्या इच्छापत्रान्वये ती मालमत्ता फ्रान्सच्या ललितकला अकादमीकडे गेली. १९७७ पासून झेराल व्हान देर केम्प यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला, कुजलेल्या पुलाच्या जागी तसाच नवा पूल बांधला गेला, आणि १९८० मध्ये उद्यान लोकांस खुले झाले. घरातील चित्रशाळेत आज मोनेच्या चित्रांच्या प्रतिकृती आहेत. ज्या मोठ्या चित्रशाळेत तळ्याचे भव्य पट रंगविले गेले, तेथे विक्रीचे दुकान आहे.

यावरून हे सर्व कृत्रिम म्हणून टाकाऊ ठरवावे काय? तसे करणे घाईचे होईल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली, तीही कोणा एका मूळ हस्तलिखिताची नक्कल नव्हे. उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध केलेला तो पाठ आहे. जिव्हर्नीचे उद्यान हाही असाच एक संपादित पाठ होय. भेद इतकाच की, हा पाठ दर वसंतात नव्याने लिहावा लागतो.

मग या पाठाच्या वाचनाने साधते काय? एका शब्दाचे उदाहरण घेता येईल. मोनेच्या या चित्रांतील फुलांस मराठीत सर्रास ‘कमळे’ म्हटले जाते. वस्तुतः ती कुमुदे होत. कमळाचे पान पाण्यातून वर उठते. कुमुदाचे पान पाण्यावर पसरून राहते. तळ्याच्या काठी उभे राहिले की हा भेद केवळ कोशातला राहत नाही. सपाट पाने पाण्याची पातळी दाखवितात आणि पानांमधील मोकळ्या जागेत आकाश उलटे दिसते. पृष्ठ आणि खोली यांचा जो ताण मोनेच्या चित्रांत आहे, तो या पानांवाचून शक्य झाला नसता. उलटपक्षी, ‘कुमुद’ हा शब्दही निर्दोष नाही. संस्कृत काव्यातील कुमुद चंद्रोदयाने उमलते. मोनेच्या तळ्यातील संकरित जाती दिवसा फुलतात. शब्दाचा संकेत व वस्तू यांतील हे अंतर केवळ अनुवाद वाचून ध्यानात येत नाही.

तथापि, स्थळदर्शनाची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. मोने पहाटेपासून कामास लागे. उद्यानाचे दार साडेनऊला उघडते आणि हिवाळाभर बंद असते. एकच पाणी प्रहराप्रहराला कसे पालटते, हे त्या दारातून क्वचितच दिसते. ते पाहावयाचे तर १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरीत मांडलेल्या, सुमारे दोन मीटर उंचीच्या त्या आठ रचनांकडेच गेले पाहिजे. स्थळ कृतीचा पुरावा देत नाही. कृतीला कोणते प्रश्न विचारावेत, एवढे मात्र ते शिकविते. चरित्राकडूनही समीक्षकाने याहून अधिकाची अपेक्षा धरू नये.