पत्ता कोणत्या सालचा? : कर्करोगाच्या नकाशांविषयी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ या संकल्पनेची चर्चा तत्त्वज्ञानाच्या अंगाने केली. आज तीच संकल्पना एका व्यावहारिक जागी तपासू. ती जागा म्हणजे कर्करोगाचे नकाशे. जिल्हावार रंगवलेले असे नकाशे आपण वर्तमानपत्रात पाहतो. आपला जिल्हा गडद निघाला की लगेच विचारतो, इथल्या पाण्यात काय आहे? प्रश्न रास्तच आहे. पण घोटाळा त्या ‘आहे’ मध्ये आहे. रोग आज दिसतो. त्याचे कारण बहुधा दहा, वीस, कधी चाळीस वर्षांपूर्वीचे असते, आणि तेव्हा तो माणूस इथे राहत होता की नाही हे नकाशा सांगत नाही.

म्हणून नकाशे टाकाऊ, असं आम्ही म्हणत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९७५ साली एक नकाशासंग्रह छापला. त्यात १९५० ते १९६९ या काळातले कर्करोगाचे मृत्यू कौंटीवार मांडले होते. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त दिसले. चौकशी केली तेव्हा दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणी गोद्यांमधल्या कामाशी धागा जुळला, आणि बोट ॲस्बेस्टॉसकडे गेले. आग्नेय भागात स्त्रियांमध्ये तोंडाचा कर्करोग जास्त होता. तिथे तोंडात धरायची तपकीर सापडली, आपल्या मशेरीची चुलतबहीणच म्हणा. पण बघा, दोन्ही ठिकाणी नकाशाने फक्त संशय दिला. उत्तर मिळाले ते माणसांना, आणि माणसे गेली असतील तर त्यांच्या घरच्यांना, विचारून : पूर्वी काय करत होता, काय खात-ओढत होता?

हेच विचारणे राहत्या जागेबाबत पद्धतशीर केले, तर त्याला राहण्याचा इतिहास म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडचा अभ्यास यासाठी पाहण्यासारखा आहे. १९८३ ते १९८६ मध्ये निदान झालेले रुग्ण आणि तुलनेसाठी निरोगी माणसे घेऊन, बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी चाळीस वर्षांतली त्यांची घरे नकाशावर मांडली. मग सुप्तकाळ गृहीत धरला, म्हणजे निदानाआधीची काही वर्षे वगळून त्यापूर्वीचेच पत्ते मोजले. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत हा काळ जसा लांबवला तशी जोखमीतली तफावत वाढत गेली. म्हणजे जे आजच्या पत्त्यात पुसट होते ते जुन्या पत्त्यात उठून दिसले.

याच भागातली पाण्याच्या नळांची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० पर्यंत तिथे आतून व्हिनाइलचा लेप दिलेले ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पाइप घातले गेले. लेप ज्यात कालवला होता ते द्रव्य म्हणजे टेट्राक्लोरोएथिलीन, ड्रायक्लीनिंगवाले वापरतात तेच. ते पुरते उडून गेले नाही, पाण्यात उतरत राहिले. जिथे गल्ली संपते आणि पाणी तुंबून राहते, तिथे जास्त. एकाच गावातल्या दोन घरांच्या पाण्यात यामुळे जमीन-अस्मानाचे अंतर. गावाचा सरासरी आकडा इथे काय कामाचा? कोणते घर, कोणती वर्षे, हेच विचारावे लागते. ते विचारले, तेव्हा सर्वाधिक संपर्क आलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाची जोखीम काहीशी वाढलेली आढळली.

आता आमची तक्रार. आधी भिंतीवर गोळ्या झाडायच्या आणि जिथे जास्त लागल्या तिथे वर्तुळ काढून नेमबाज म्हणवून घ्यायचे, या टेक्सासच्या नेमबाजाची गोष्ट सांगून अधिकारी लोकांच्या तक्रारी उडवून लावतात. जागेच्या बाबतीत ती सावधगिरी योग्य आहे. पण सुप्तकाळ पाच, दहा, पंधरा, वीस असा बदलत जो नकाशा ठळक येईल तो पुढे करणे, ही वर्तुळ काढण्याचीच काळातली आवृत्ती आहे. सुप्तकाळ जीवशास्त्राने आधी ठरवायचा, नकाशाने नव्हे.

दुसरी बाजू मात्र जास्त गंभीर, आणि तिची चर्चा कमी होते. लोक घरे बदलतात. त्यामुळे चुकीच्या पत्त्यावर नोंदलेला संपर्क बहुतेक वेळा खरा फरक पुसून टाकतो. अशा अभ्यासातून ‘काही आढळले नाही’ असे आले की जाहीर होते ‘काही नाही’. पहिले विधान अभ्यासाविषयी आहे, दुसरे जगाविषयी. आमच्या तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा फरक सांगता यायला हवा. इथे त्यावर विहीर बंद होणार की चालू राहणार हे ठरते.

आपल्याकडे काय? मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासूनची, देशातली पहिली. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ ची. दोन्ही मोलाच्या. पण रहिवासी कोण, तर त्या भागात किमान वर्षभर राहिलेला. उपचारासाठी आलेल्या परगावच्या रुग्णाला मुंबईच्या आकड्यातून वगळायला हा नियम चांगला आहे. कारण शोधायला तो पुरत नाही. गिरणगावात तीस वर्षे काढून निवृत्तीनंतर कोकणात परतलेला चाकरमानी या नियमाने कोकणचा ठरतो. लग्न होऊन सासरी आलेल्या बाईचे पहिले वीस-बावीस वर्षांचे आयुष्य तर पत्त्यातून आणि पुष्कळदा नावातूनही गळते. आणि हिरोशिमा-नागासाकीच्या अभ्यासांनी दाखवले आहे की किरणोत्साराने होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाची जोखीम लहान वयात संपर्क आलेल्या मुलींत सर्वाधिक होती. म्हणजे माहेरचे घर हाच कदाचित महत्त्वाचा पत्ता, आणि तोच आपण विचारत नाही.

डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येकाचे पत्ते तारखांसह केंद्रीय नोंदीत आहेत. अमेरिकेत संशोधक ते खासगी कंपन्यांकडून, कर्ज-बिलांच्या नोंदींतून मिळवतात. ज्याच्या नावावर बिल नाही त्याला इतिहास नाही! आपल्याकडे भाड्याच्या खोलीत, नातेवाइकाकडे, कामाच्या साइटवर राहिलेल्यांचे असेच होणार. शिवाय घर म्हणजे दिवसाचे चोवीस तास नव्हेत. कारखान्यातले आठ तास राहतातच.

तरीही रुग्णाला, तो बोलू शकतो तोवर, तीन गोष्टी विचारता येतील : जन्म कुठे, विशीपर्यंत कुठे, सर्वांत जास्त वर्षे कुठे. गावाचे नाव आणि अंदाजे साल. एवढ्याने कोणतेही कारण सिद्ध होणार नाही, पण गिरणगावातला माणूस कोकणच्या खात्यात दिसला तर तो कुठून आला हे तरी कळेल. चला, आता आपले प्रश्न घेऊ या.