'चकमक' या शब्दाची परीक्षा

वृत्तपत्रांतील 'चकमकीत ठार' हा प्रयोग आता इतका रुळला आहे की, वाचक त्यापाशी अडखळत नाही. आम्हां साहित्याच्या अध्यापकांस मात्र तो खटकतो. चकमक झडण्यास गार आणि पोलाद अशी दोन द्रव्ये लागतात. पोलिसांच्या चकमकीत एक पक्ष कायमचा मुका होतो, आणि हकीकतीचा लेखक, नायक व परीक्षक हे तिघेही एकाच गणवेशात वावरतात.

रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया हा 11 नोव्हेंबर 2006 रोजी मुंबईत चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. परंतु भावास पकडून नेल्याच्या तारा त्याच्या वकील बंधूने त्यापूर्वीच वरिष्ठांस धाडल्या होत्या! तारांनी कथानक उसवले खरे. तथापि दोषी पोलिसांची जन्मठेप उच्च न्यायालयाने कायम करीपर्यंत 2024 साल उजाडले. ज्याच्या घरी वकील नाही, त्याच्या तारा कोणी कराव्यात?

मुंबईतील चकमकींच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी सोळा नियम घालून दिले. ती भाषा निःसंदिग्ध आहे, आणि आम्हांस ती आवडते. एका कलमात मात्र हात आखडला आहे. तपास गुन्हे अन्वेषण विभागाने अथवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, असे ते म्हणते. समजा, उद्या आमच्या माळशिरस ठाण्याची गोळी सुटली आणि अकलूज ठाण्याने ती तपासली, तर हा परकेपणा कसला? दोन्ही ठाणी सोलापूरच्या एकाच अधीक्षकाच्या हाताखालची. इंग्लंडात 2018 पासून अशा तपासावरील स्वतंत्र कार्यालयाच्या प्रमुखाने पूर्वी कधीही पोलिसांची नोकरी केलेली नसावी, असे बंधन आहे.

त्या नियमांस बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, 23 सप्टेंबर 2024 रोजी, बदलापूरच्या बालिकांवरील अत्याचाराचा आरोपी अक्षय शिंदे पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पुढे 'बदला पुरा' असे फलक लागले. आरोप भयंकर होता, पण तो सिद्ध व्हावयाचा होता. त्या रात्री आमच्या घरातही समाधानाचे उद्गार निघाले, आणि व्याकरणातील चुका लागलीच दुरुस्त करणारे आम्ही गप्प बसलो. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्याच्या अहवालाने त्या मृत्यूस पाच पोलिसांना जबाबदार धरले. तोही शब्द आमच्या घरी मोठ्याने वाचला गेला नाही.