सरासरीचा चकवा

हवेच्या एका थरातून ६० टक्के प्रकाश पार झाला, तर तशाच दोन थरांतून ३६ टक्के होईल, असे गणित आपण वर्गात मांडतो. एका तरंगलांबीपुरते ते बरोबर आहे. वायूंना ते सरसकट लावण्यास मात्र आमचा आक्षेप आहे. समजा, निम्मा प्रकाश अशा तरंगलांबींचा आहे की थर त्यातला ८० टक्के शोषतो, आणि उरलेला निम्मा पूर्ण पार जातो. एका थरातून ६० टक्केच प्रकाश बाहेर येईल. दोन थरांतून मात्र (४ + १००) ÷ २, म्हणजे ५२ टक्के! जे अडायचे, ते बरेचसे पहिल्याच थरात अडते.

हा चकवा केवळ फळ्यावरचा नाही. स्वीडनच्या क्नूट अँगस्ट्रॉम यांनी १९०० मध्ये नळीतील कार्बन डायऑक्साइडचे एकत्रित शोषण मोजले आणि हा वायू वाढल्याने फारसा फरक पडणार नाही, असे ठरवले. १५ मायक्रोमीटरजवळच्या शोषणपट्ट्याच्या मध्यापुरते ते पटण्यासारखे आहे. पण पट्ट्याच्या कडांना शोषण अपुरे असते, आणि वायू वाढला की तेथे तेही वाढते. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी संगणकाच्या साह्याने केलेल्या गणिताने तो निष्कर्ष खोडून काढला.

तेव्हा आधी तरंगलांबीगणिक हिशेब आणि मगच सरासरी, हा क्रम विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला हवा.