पिंक फ्लॉइड : एक पुनःश्रवण

एखाद्या ग्रंथकाराचीं पुस्तकें विशींत वाचावीं आणि पन्नाशींत पुन्हां उघडावीं, म्हणजे पुस्तकें तींच असूनहि त्यांची योग्यता निराळी भासूं लागते. संगीताचेंहि तसेंच आहे. पिंक फ्लॉइड या इंग्रज रॉक वाद्यवृंदाच्या तबकड्या आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ ऐकत आलों आहों. आमच्या मनांत त्यांची जी उतरंड रचलेली होती ती आतां बहुतेक उलटी झाली आहे. ती कां, हें रसिकांपुढें मांडावेसें वाटतें.

तरुणपणीं 'द वॉल' (१९७९) हें आमच्या लेखीं या मंडळींचें सर्वश्रेष्ठ काम होतें. बाप युद्धांत गमावलेला, शाळेंत गांजलेला, यशानें एकलकोंडा झालेला गायक स्वतःभोंवतीं भिंत उभारतो, ही ती कथा. आणि ती सांगणारे रॉजर वॉटर्सचे कडवट शब्द. ज्या वयांत आपल्याभोंवतीं एक भिंत असल्याचा प्रत्येकास अभिमान असतो, त्या वयांत ही कृति आवडावी हें योग्यच आहे. आज मात्र तिनें आम्हांस थकवा येतो. दोन तबकड्या भरून गाऱ्हाणें चालतें, आणि श्रोत्यास क्षणभर एकटें सोडावें असें कवीस वाटतच नाहीं. 'कम्फर्टेब्ली नम' या गीतांत डेव्हिड गिल्मरची गिटार दोनदां उघडें आकाश दाखविते, तेवढाच काय तो विसावा.

आमचा कान जो वळला तो रिचर्ड राईट याच्याकडे. ऑर्गन, पियानो आणि सिंथेसायझर वाजविणारा हा वादक. 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) ही तबकडी अमेरिकेच्या खपाच्या यादींत १९८८ पर्यंत ७४१ आठवडे होती. तिच्यांतील घड्याळांचे गजर आणि नाण्यांचा खणखणाट सर्वांस ठाऊक आहे. आमचें मन आतां रमतें तें 'अस अँड देम'मध्यें. ही चाल राईटनें मुळांत आंतोनिओनीच्या 'झॅब्रिस्की पॉइंट' (१९७०) या चित्रपटासाठीं पियानोवर बांधली होती. दंगलीच्या दृश्यास इतकी संथ चाल! दिग्दर्शकानें ती घेतली नाहीं, हें आमचें भाग्यच. वॉटर्सचे शब्द येथें मोजके आहेत, आणि प्रत्येक शब्दानंतर त्याचा प्रतिध्वनि विरेपर्यंत वाट पाहिलेली आहे. ती वाट पाहिली नसती तर हें गीत युद्धविरोधी पत्रकापलीकडे गेलें नसतें.

'विश यू वेअर हिअर' (१९७५) हा आमच्या मतें या मंडळींचा कळस. त्यांचा पहिला गीतकार सिड बॅरेट मनाच्या व्याधीमुळें १९६८ सालीं दुरावला होता. त्याच्याविषयींची ही तबकडी मुद्रित होत असतां तो अचानक स्टुडिओंत आला. डोकें व भुंवया भादरलेल्या, अंग सुटलेलें. जुन्या सोबत्यांनींहि त्यास प्रथम ओळखलें नाहीं. ही हकीकत सगळेच सांगतात. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा नववा भाग एकट्या राईटचा आहे, याकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष जातें. शब्द केव्हांच संपलेले असतात, आणि अगदीं शेवटीं राईट बॅरेटच्याच १९६७ च्या 'सी एमिली प्ले'ची चाल हलकेच वाजवून थांबतो. त्याहून मोठा मृत्युलेख आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तोहि जिवंत माणसाचा!

'द वॉल'च्या वेळीं राईटला मंडळींतून काढलें. पुढील प्रयोगांत तो पगारी वादक होता. त्या प्रयोगांत बाकीचे तिघे बुडाले, पगारदार तेवढा नफ्यांत राहिला, असें सांगतात. 'द फायनल कट' (१९८३) मध्यें तो नाहींच, आणि तें तबकडीभर जाणवतें.

मग एकटा राईट पुरे होता काय? तसेंहि नाहीं. तो २००८ सालीं वारला. १९९३-९४ च्या मुद्रणांतून २०१४ सालीं 'दि एंडलेस रिव्हर' काढली, तींत तो भरपूर आहे आणि शब्द जवळजवळ नाहींत. ऐकावयास ती गोड आहे, पण निववावा असा संताप तींत कोठेंच नाहीं.

म्हणून आमच्या उतरंडींत सध्यां वर चढत आहे ती 'अॅनिमल्स' (१९७७). कुत्रे, डुकरें, मेंढ्या; ऑरवेलची छाया; वॉटर्स अत्यंत संतप्त. रचनाकार म्हणून राईटचें नांव तींत एकदांहि नाहीं. पण 'शीप'च्या आरंभीं तो एकटाच इलेक्ट्रिक पियानो वाजवीत राहतो, कुरणावर धुकें उतरावें तसा, आणि मग खालून गिटारचा दांडगा ठोका येतो. तबकडीवर त्या गीताखालीं नांव आहे तें केवळ वॉटर्सचें.