खोली आणि घर : ‘कोसला’ पुन्हा वाचताना

जून महिना जवळ आला की धर्मग्रामाच्या कचेरीत पालक एक ठरावीक विनंती घेऊन येतात. मुलाला अथवा मुलीला पुण्यात किंवा मुंबईत प्रवेश मिळालेला असतो आणि वसतिगृहासाठी प्रमुख धर्मगुरूंचे वर्तणुकीचे पत्र हवे असते. आम्ही सही करतो, शिक्का मारतो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. यंदा अशी काही पत्रे लिहून झाल्यावर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी आम्ही पुन्हा वाचावयास घेतली, आणि त्या पत्रांविषयी मन साशंक झाले.

‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. लेखक तेव्हा पंचविशीत होते. खानदेशातील सांगवी गावच्या सधन घरातला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकावयास येतो, वसतिगृहात राहतो, नापास होतो आणि गावी परततो. कथानक एवढेच. सेमिनरीत असताना आम्ही ती प्रथम वाचली, तेव्हा आमचे मत प्रतिकूल झाले होते. बापाचे पैसे उधळणाऱ्या एका ध्येयहीन तरुणाचे हे रडगाणे आहे, असा शेरा आम्ही वहीत लिहिल्याचे स्मरते. त्या वयात आम्हांस खोली शोधावी लागली नव्हती. उठण्याची घंटा, जेवणाचे टेबल, अभ्यासाची वेळ, सारे आयते होते. एखाद्या दिवशी जेवावयास गेलो नाही, तर ‘काय झाले?’ असे विचारणारे कोणीतरी होते. पांडुरंगास तसे विचारणारे कोणी नव्हते, ही बाब तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही.

आज वाचताना जाणवते ते हे की, पांडुरंग वाईट मुलगा नाही. तो शहरात मोठ्या उमेदीने येतो. वादविवाद मंडळाचा चिटणीस होतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो, स्नेहसंमेलनात नाटक बसवतो, एका गरीब विद्यार्थ्याला हातभार लागावा म्हणून मेसचा कारभार अंगावर घेतो. असा तरुण आपल्या धर्मग्रामात असता तर युवक मंडळाचे अध्यक्षपद आम्ही त्यालाच दिले असते. त्याच्या घसरणीचा आरंभ व्यसनातून होत नाही, भाबड्या चांगुलपणातून होतो. मित्र त्याचा फायदा घेतात, पैशांचा मेळ बसत नाही, अभ्यास मागे पडतो, परीक्षा जाते, महाविद्यालयात नाव खराब होते आणि वडिलांशी दुरावा येतो. शहर मोहात पाडून मुलांना बिघडवते, हे आमच्या प्रवचनांतले नेहमीचे विधान. नेमाडे यांनी त्याहून खोल जाऊन पाहिले आहे. कोवळ्या मुलाच्या हाती एकाएकी पैसा, मोकळा वेळ आणि अधिकार येतात, आणि हिशेब पाहणारे मायेचे माणूस जवळ नसते. पांडुरंगाची हानी होते ती येथे.

याच काळात त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. मराठी गद्यात शोकाची इतकी अस्सल पाने थोडी असतील. एरवी ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ म्हणत प्रत्येक गोष्ट उडवून लावणारे त्याचे बोलणे येथे उघडे पडते. थट्टा हे त्याच्या एकटेपणाचे पांघरूण होते, हे वाचकास समजते. कादंबरीचे नावही अर्थपूर्ण आहे. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. बाहेर घर न मिळालेला हा मुलगा स्वतःभोवतीच घर विणून आत बसतो.

तथापि या कादंबरीची एक मर्यादा सांगितली पाहिजे. सारे निवेदन पांडुरंगाचे असल्याने त्याला जे खटकले नाही, ते पुस्तकात प्रश्न म्हणून उभे राहत नाही. खोली मिळणे हा त्याच्यापुढचा पेच नाही. त्याचे दुःख खोली मिळाल्यानंतरचे आहे. खोलीच्या दारावरचे दुःख वाचावयाचे असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथनपर लेखन हाती घ्यावे. परदेशातील शिक्षण घेऊन ते १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मग त्यांनी दोन मित्रांना आसरा मागितला. एक हिंदू होता आणि दुसरा ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे दांपत्य मूळचे ब्राह्मण घराण्यातले. पत्नीने जुना सोवळेपणा सोडला नव्हता, हे बाबासाहेबांना मागाहून कळले. शेवटी ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

हे वाक्य वाचून पुस्तक मिटावे असे वाटते. परंतु मिटू नये. आपली मुले शहरात जागा पाहावयास जातात, तेव्हा आडनाव विचारले जाते, मासे-मटण शिजवणार काय असे विचारले जाते, आणि खोली ‘कालच गेली’ असे सांगितले जाते. या तक्रारी आमच्यापर्यंत येतात आणि त्या खऱ्या आहेत. पण वसईच्या वाड्यांतून आपणही आता खोल्या भाड्याने देतो. विदर्भ-मराठवाड्यातून आलेला विद्यार्थी दारात उभा राहतो, तेव्हा आपण त्याला प्रथम काय विचारतो? बडोद्याच्या त्या ख्रिस्ती मित्राने उघड नकार दिला नव्हता. त्याचे उत्तर अत्यंत सभ्य होते. आमच्या कानांवर येणारी उत्तरेही सभ्यच असतात.

ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत, अशी आमची शिफारस आहे. ‘कोसला’ मुलांपेक्षा पालकांनी आधी वाचावी आणि पैसे पाठविण्याच्या दिवशी मुलाला हिशेबाबरोबर आणखी काय विचारावयाचे राहून गेले, ते आठवून पाहावे. दुसरे पुस्तक खोल्यांच्या मालकांनी वाचावे. आम्ही स्वतः यंदापासून वर्तणुकीच्या पत्रासोबत आणखी एक पत्र लिहू लागलो आहोत. ते त्या शहरातील धर्मगुरूंच्या नावे असते आणि त्यात एकच विनंती असते : हा मुलगा दोन रविवार दिसला नाही, तर कृपया त्याच्या खोलीवर जाऊन या.